कोरा सोडलेला रकाना

प्रिय मुंगी,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट उलटंसुलटं करशील आणि म्हणशील, ताई नावाच्या या तोफेला आता काय पाहिजे? सांगते, पण सावकाश सांगू दे. हल्ली एक पान लिहायलाही दोनदा उशीला टेकावं लागतं. आपल्या घराच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत, हे मला यंदा कळलं. अकराव्या पायरीवर मी थांबते आणि खालचा शिंपी हातातलं काम टाकून विचारतो, बाई, खुर्ची देऊ का? कारखान्याच्या फाटकावर माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायची मी. आता शिंप्याला "नको" म्हणायलाही दम पुरत नाही.

फाटक म्हटलं की अकरा वर्षांपूर्वीची ती सभा आलीच. क्रेनवर बायका नकोत म्हणून कंपनीच्या वकिलाने बायकांच्या हृदयावरच्या तुझ्याच निबंधातलं अर्धं वाक्य कोर्टात वाचलं होतं. सभेच्या आदल्या संध्याकाळी तू धावत आलीस. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मला समजावत होतीस, की ताई, हृदय नुसतं आवळून चालत नाही, प्रत्येक ठोक्यानंतर त्याला सैलही व्हावं लागतं, तेव्हाच त्यात रक्त भरतं. आवळायला स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटतं, ते पुन्हा आवरून ठेवलं की स्नायू सैल पडतो, आणि या आवराआवरीत इस्ट्रोजेनचा, म्हणजे बायकांच्या संप्रेरकाचा, हात असावा असं तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या माद्यांमध्ये दिसत होतं. वेगळं म्हणजे कमी नव्हे गं, असं तू तीनदा म्हणालीस. बायकांचं हृदय वेगळ्या तऱ्हेने थकतं, म्हणून ते वेगळं तपासा, एवढंच. मी मान डोलावली, तुला चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी तो निबंध माइकसमोर टराटरा फाडला. हृदयाला लिंग नसतं, अशी आरोळी ठोकली. काय टाळ्या पडल्या! तू तिसऱ्या रांगेत होतीस. सभा पांगल्यावर तू वाकून कागदाचे तुकडे गोळा करत होतीस, ते मी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

क्रेन बायकांना मिळाली. त्याबद्दल मी चुकले नव्हते, आजही तेच म्हणेन. पण घोषणा देणाऱ्याला घोषणा चिकटते, मुंगी. त्या दिवसापासून कुठल्याही अर्जावर स्त्री/पुरुष हा रकाना मी कोरा सोडू लागले. बँकेत, ग्रंथालयात, सगळीकडे. कारकून वैतागायचे, मला मजा यायची. मागच्या वर्षी दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, दगदग कमी करा. मी हट्टाने हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. तिथेही रकाना कोरा. यंत्राने कोऱ्याचा अर्थ पुरुष असा घेतला, पुरुषांच्या पट्टीने माझं हृदय मोजलं आणि शेरा दिला, सर्व ठीक. आठ महिने मी सर्व ठीक होते. पाय सुजत होते, रात्री तीन उशा लागत होत्या, आणि मी सर्व ठीक होते.

परवा दुसऱ्यांदा तपासून घ्यायला गेले, तर तिथली नवी मुलगी जुना कागद वाचून ओरडली, आजोबांना आत पाठवा! मी उठले. म्हटलं, बाळ, तो आजोबा मीच. ती खो खो हसली. मग कागदावरचं ‘पुरुष’ तिने पुन्हा वाचलं. तिने सगळी मापं बायकांच्या पट्टीला लावून पाहिली. भिंती जाड झाल्यात, डावा कप्पा कडक झालाय. डॉक्टर म्हणाले, तुमचं हृदय आवळतं झकास, सैल पडत नाही. तुझं वाक्य, अक्षरशः. मी जन्मभर लोकांना मूठ आवळायला शिकवलं, आणि आत ही एक मूठ उघडायचीच विसरली.

घरी येऊन तुझा निबंध मिळवला आणि वाचला. पहिल्यांदाच. हो, फाडला तेव्हा मी तो वाचलेला नव्हता. भिंतभर पुस्तकं वाचणाऱ्या बाईला सख्ख्या बहिणीची सहा पानं जड झाली होती.

तुझ्या विद्यार्थिनीने इथल्या रुग्णालयात पाळी गेलेल्या बायकांच्या हृदयाचा अभ्यास सुरू केलाय. मानेतल्या शिरेतून नळी घालून स्नायूचा कणीएवढा तुकडा काढतात. धोका थोडा आहे, पण आहे. मी हो म्हटलं. अर्ज समोर आहे. स्त्री या शब्दापुढे खूण केली. खाली आणखी एक रकाना आहे: सोबत येणारे जवळचे नातेवाईक. तो कोरा ठेवलाय. या वेळी हट्टाने नाही, दुसरं नाव सुचत नाही म्हणून. मंगळवारी सकाळी दहाला जायचंय. तू आलीस तर पेन माझ्याजवळ आहे.

तुझीच, अकराव्या पायरीवर थांबलेली,
ताई