तुझ्या पुराव्यातलं पहिलं वाक्य

प्रिय वकिला,

तुझं जाडजूड पाकीट पोचलं. वकील तू कधी झाला नाहीस, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतोस, पण भाजीत मीठ कमी आहे याचाही पुरावा मागायची तुझी खोड बघून आईने ठेवलेलं नाव काही सुटत नाही. पाकीट फोडताना मला वाटलं, आत तुझ्या बायकोसाठी चार ओळी असतील. महिना होत आला, ती एक बॅग घेऊन माझ्याकडे आली आहे आणि पोस्टमनच्या वेळेला दाराजवळच्या चपला उगाच नीट लावत बसते. आत निघाला देव असल्याचा पुरावा. माझ्या नावाने, 'ताई, यातली चूक काढून दाखव' अशी चिठ्ठी लावलेला. तिच्या नावाने एक अक्षर नाही. मला तेव्हाच संशय आला.

हसू नकोस, संशयावरच माझं पोट आहे. आग लागलेल्या घरा-दुकानांची विमा कंपनीसाठी पाहणी करायची म्हणजे अर्धा वेळ राखेकडे आणि अर्धा वेळ लोकांच्या तोंडाकडे बघायचं. अडखळत, मागचं पुढे करत सांगणाऱ्याचं मी शांतपणे ऐकून घेते. ज्याची हकीकत इस्त्री करून आणल्यासारखी असते त्याच्या घरात मी पुन्हा एक चक्कर मारते. तुझा पुरावा तसा आहे. पहिलंच वाक्य, कारणाशिवाय काही घडत नाही. कारणांची साखळी मागे मागे कायमची जाऊ शकत नाही. म्हणून सुरुवातीला असा कुणीतरी हवा, ज्याला स्वतःला कारण लागत नाही. इथे तुझी पोरं वर्गात हात वर करतील, 'मग त्याला एकट्याला कशी सूट दिलीत सर' म्हणून, तर त्याचंही उत्तर तू तयार ठेवलं आहेस. मला तिथे वाद घालायचा नाही. मी देव मानत नाही हे तुला ठाऊक आहे, पण मी देवाविरुद्ध अहवाल लिहायला बसलेली नाही.

घर जळालं की मी आधी भिंती बघते. कधी कधी भिंतीला खिळे असतात, त्यांच्याभोवती सगळीकडे सारखीच काजळी असते आणि खाली राखेत फ्रेमच्या काचेचा एक तुकडा सापडत नाही. म्हणजे फोटो आगीच्या आधीच हलवलेले. विम्याच्या पैशासाठी माणूस सोफा जाळतो, पलंग जाळतो, लेकरांचे फोटो जाळायला त्याचा हात धजत नाही. तुझ्या पुराव्यात बी आहे, घड्याळ आहे, नदीचा उगम आहे, भिंतीवरची सावली आहे. ठकी कुठेच नाही. पोरीला जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि घडणारी गोष्ट का घडते यावर इतकी पानं लिहिणाऱ्या बापाला आपली लेक एकदाही आठवली नाही? हे तू दुसऱ्या कुणाला सांग.

शाळेच्या मैदानात धावता धावता ती खाली बसली आणि उठली नाही. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं तपासलं. मग त्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आपल्याला बसायला लावून सांगितलं की कारण सापडलेलं नाही आणि बहुतेक सापडणारही नाही. त्या खोलीत सगळ्यात शांत तू होतास. बायकोचा हात धरून तूच म्हणालास की यात कुणाची चूक नाही. मला तुझा फार अभिमान वाटला होता. आणि काही महिन्यांनी तू तिला विचारायला लागलास. सकाळी तिला खोकला होता ना? मग शाळेत का पाठवलीस? आदल्या दिवशी डबा तसाच परत आला होता, ते तुझ्या लक्षात कसं आलं नाही? आवाज न चढवता, वर्गात विचारावं तसं. बायको तुझी मला म्हणाली, ओरडला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येकजण एक चूक हमखास करतो. राखेत वितळलेली वायर दिसली की त्याचा चेहरा उजळतो आणि अहवालात शॉर्ट सर्किट लिहून तो मोकळा होतो. अरे, घर जळल्यावर वायर वितळणारच. आगीने जे केलं तेच उचलून आगीचं कारण म्हणून लावायचं, कारण 'कारण समजले नाही' असं लिहून साहेबांसमोर उभं राहायचा धीर नसतो. मीही पहिल्या वर्षी तेच करायचे. तू म्हणतोस, पुरावा सापडला म्हणून श्रद्धा बसली. मला शंका आहे की आधी ठकी गेली, मग तुला काहीतरी धरायला हवं झालं, आणि पुरावा सगळ्यात शेवटी आला. तू फक्त तो उचलून पहिल्या जागी ठेवलास.

आईचं आठवतं? किल्ल्या हरवल्या की ती देवाला साकडं घालायची. सापडल्या तर त्याने दिल्या. नाही सापडल्या तर 'त्यालाही दुसरी कामं असतील' म्हणून कुलूपवाल्याला बोलावणं धाडायची. तू तिच्या मागे लागायचास, आई सिद्ध कर, सिद्ध कर. ती म्हणायची, मला कुठे परीक्षेला बसायचंय? तुझ्या शास्त्राप्रमाणे तिच्या बोलण्याची नुसती चाळण झाली असती. पण तिच्या देवाने घरातल्या कुणावर कधी ठपका ठेवला नाही. तुझा देव पक्का सिद्ध झालेला आहे आणि मला भीती वाटते ती त्याचीच. कारणाशिवाय काहीच घडत नाही हे एकदा मान्य केलं की ठकीच्या जाण्यालाही कारण आलं. ते तू वर आभाळात शोधत नाहीस. त्या सकाळच्या स्वयंपाकघरात शोधतोस, जिथे तुझी बायको ठकीची वेणी घालत होती.

हे सगळं मी तुला भेटून, कान उपटून सांगितलं असतं. पण परवा कामावरून आले तर तुझी बायको जेवणाच्या टेबलाशी तुझी पानं घेऊन बसली होती. मी ती कपाटावर ठेवली होती, पण तुझं अक्षर ती लांबून ओळखते. हातात पेन्सिल धरून तिने ओळ न् ओळ वाचली होती. ती रडत नव्हती. 'ताई, यात चूक नाही ना कुठे?' असं तिने विचारलं. मी म्हटलं, अगं, पहिलं वाक्यच चुकीचं आहे. तर म्हणाली, 'तुम्ही मानतच नाही, तुम्ही असंच म्हणणार. त्याने नीट तपासल्याशिवाय लिहिलं नसेल.' मग तिने पानं एकावर एक सारखी केली आणि अगदी हळू म्हणाली, 'म्हणजे मीच ना?' तेव्हापासून ती पोस्टमनची वाट बघत नाही, धड जेवत नाही, मी काही बोलले की मान हलवते. मी तिला दिवसभर समजावलं तरी उपयोग नाही, कारण तिचा विश्वास तुझ्यावर आहे, माझ्यावर नाही. म्हणून हे पत्र. चूक तूच काढायची आहेस. देव हवा तेवढा मान, मी एक शब्द बोलणार नाही, फक्त त्याला सिद्ध करू नकोस. मिळेल त्या गाडीने ये, तिच्यासमोर बस आणि तिला सांग की कारणाशिवायही घडतं, आणि हे तू नीट तपासलं आहेस. तुला ते खरं वाटत नसलं तरी सांग. जगाच्या हकीकती मी तपासत आले, ही एक मी तपासणार नाही.

तुझीच,
ताई