तिसरं पेडल

अच्छाड, ता. तलासरी
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

चि. मुक्ता,

बापाचा आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल. मीही बरा आहे, म्हणजे गुडघा सोडला तर. म्हातारा पत्र कसलं पाठवतो, फोन काय मेला का, असं म्हणशील. फोनवर मी तिसऱ्या वाक्याला ओरडायला लागतो हे तुला माहीत आहे. कागदावर ओरडता येत नाही म्हणून कागद घेतला.

गॅरेज चाललंय. चेकनाक्यावर ट्रक पूर्वीसारखे अडकून पडत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक कमी, पण उपाशी नाही. गणू अजून वेल्डिंग करताना तीच भजनं त्याच चुकीच्या सुरात म्हणतो. वरोरला बाबल्याने बोटीला नवं इंजिन घेतलं, बसवायला मलाच बोलावलं. चुलतभाऊ म्हणून चहावर भागवलं.

गुरुवारी तू येऊन गेलीस असं गणूने सांगितलं. सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा मिळाला. चव थेट तुझ्या आईची, मीठ किंचित जास्त. पण बापाला न भेटता जायची ही कुठली रीत? डहाणूहून दोन गाड्या बदलून इथवर आलीस आणि दहा मिनिटं थांबली असतीस तर तुझी कचेरी बुडणार होती का?

बघ, सुरू झालोच.

तू गाडीत बसलीस असंही तो म्हणाला. म्हणजे पेडलं बघितलीस.

बोर्डीच्या वाडीवाल्या शेठकडून ती पिस्ता रंगाची जर्मन गाडी मी कशासाठी आणली ते तुला सांगायला नको. पोलिओने तुझा डावा पाय नेला आणि डॉक्टर म्हणाले, पोरगी चालेल, पण धाव विसरा. ऑटोमॅटिक गाडीला दोनच पेडलं, दोन्ही उजव्या पायाची. डाव्याने नुसतं बसून राहायचं. शेठच्या दोन ट्रॅक्टरांची वर्षभर कामं करून मी ती घेतली. तू पहिल्यांदा वरोरपर्यंत नेलीस तेव्हा तुझी आई, प्रभा, शेजारी बसून 'हळू गं बाई, हळू' करत होती आणि मागे बसून मी रडत होतो. तुम्हा दोघींना वाटलं, माझ्या डोळ्यात धूळ गेली.

त्याच गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी उतरवला. कन्व्हर्टर काढून त्या जागी फ्लायव्हील आणि क्लच बसवला, अपघातातल्या एका जीपचा गिअरबॉक्स आणला. लांबी जुळेना, म्हणून मागचा शाफ्ट वापीला लेथवर कापून घेतला. खालचा पत्रा कापून गिअरच्या दांड्याला भोक पाडलं आणि ब्रेकच्या डावीकडे क्लचचं तिसरं पेडल लटकवलं, डाव्या पायाचं. सव्वा महिना लागला. ट्रकवाले खाली उतरून बघायचे आणि 'एकुभाई, कमाल करी दीधी!' म्हणायचे. विचारेल त्याला मी सांगितलं, काय करणार, जुन्याचे पार्ट मिळत नाहीत.

तुलाही हेच लिहायला बसलो होतो. पण आता तुझ्या आईच्या फोटोकडे पाठ करून बसलो तरी हात पुढे सरकत नाही. पार्ट मिळत होते, मुक्ता. कुर्ल्याला एक जुना माणूस आहे, तो असले गिअरबॉक्स उघडून पहिल्यासारखे करून देतो. त्याला मी फोनही केला होता.

आधी दुसरं लिहितो.

प्रभाच्या छातीत कळ आली तेव्हा मी वरोरला होतो, बाबल्याच्याच बोटीवर. तू एकटी तिला घेऊन वापीला निघालीस. भिलाडच्या अलीकडे पुलाच्या चढावर गाडीने दम सोडला. इंजिन नुसतं गुरगुरतंय आणि चाकं हलत नाहीत, असं तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. भर दुपारी, त्या तसल्या हायवेवर, तू लंगडत मध्यापर्यंत जाऊन हात करत होतीस. वीस मिनिटांनी एक टेम्पोवाला थांबला. तोवर ती गेली होती. हे सगळं तू मला सांगितलंस आणि मी तुला जवळसुद्धा घेतलं नाही.

मग दहावा. वरोरचा किनारा, सगळी भावकी. पिंडाला कावळा शिवेना. तास झाला, दीड तास झाला. बाबल्याची आई मला म्हणाली, 'एकनाथ, तिचा जीव पोरीत अडकलाय. मुक्ताला मी सांभाळीन असं मोठ्याने बोल, मग बघ शिवतो का नाही.' एवढंच बोलायचं होतं. दुसरा कुठलाही बाप असता तर बोलला असता.

मी काय बोललो ते तुला पाठ असेल. 'कावळा कसा शिवेल? हिचा तो मेला पाय ब्रेकवर पडून राहिला, हिला कळलंसुद्धा नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून हिने गिअरबॉक्स जाळला आणि आईला मारलं.' शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तू घरी आलीस, बॅग भरलीस आणि डहाणूला खोली घेतलीस. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तो पाय तुझ्या ताब्यात नाही, घाईत कुठे घसरून पडला तर लक्षातही येत नाही. म्हणून तू भांडली नाहीस. तुला वाटलं, असेलही.

पंधरा दिवसांनी मी गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली. आधी ब्रेक उघडले, तुझी चूक डोळ्यांनी बघायची होती ना! पाय ब्रेकवर असता तर पॅड खाल्लेले दिसले असते, डिस्क तापून निळी पडली असती. पॅड जसेच्या तसे. डिस्क चकचकीत. पुढचं मला तिथेच कळलं. मग गिअरबॉक्सचं तेल सोडलं. काळं, जळकं, घट्ट.

त्यात पातळ लाल तेल लागतं. शेठने गाडी देताना दहा वेळा बजावलं होतं. प्रभा जायच्या दोन महिने आधी गळती बंद केली तेव्हा ते तेल इथे मिळालं नाही, वापीहून आणायचं होतं. मी कंटाळा केला. बोटीच्या गिअरला आपण चाळीस नंबरचं इंजिन ऑइल घालतो, बाबल्याकडचा अर्धा डबा पडून होता, तोच ओतला. प्रभा म्हणाली होती, 'अहो, शेठ लाल म्हणाले होते ना?' मी म्हणालो, 'या तेलावर बोटीचा गिअर दर्या कापतो. ही तर रस्त्यावरून चालते.' फुशारकी! जन्म बोटीच्या इंजिनात गेलेल्या माणसाची फुशारकी, दुसरं काय. आतल्या प्लेटा त्या तेलात घसरून घसरून कोळसा झाल्या होत्या. त्या दिवशी तू चालवली नसतीस तर मी चालवताना बंद पडली असती.

कुर्ल्याच्या माणसाने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, 'तेल कुठलं घातलं होतं?' मी फोन ठेवला. त्याच दिवशी गिअरबॉक्स भंगारात दिला, पुन्हा कोणी उघडून बघायला नको म्हणून. आणि मग मोठा कारागीर असल्यासारखा क्लच बसवायला घेतला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. खापर तुझ्या डोक्यावर फोडलं आणि तुकडेसुद्धा झाडून टाकले.

पुढच्या महिन्यात प्रभाचं वर्षश्राद्ध आहे. मी वरोरला त्याच किनाऱ्यावर, त्याच माणसांना बोलावलंय. तेलाचं सगळं तिथे मोठ्याने सांगणार आहे. बाबल्याला काल सांगितलं, तो माझ्याशी बोलत नाही. तू यायला हवंस असं नाही. आलीस तरी माझ्याशी बोलायला हवंस असंही नाही. पण तू कचेरीच्या जीपमध्येसुद्धा पुढच्या सीटवर बसत नाहीस, असं गणूच्या कानावर आलंय. तेवढं सोड, पोरी. तुझ्या पायाने काही केलेलं नाही. गाडीही नीट चालवत होतीस.

आता शेवटचं. हे लिहिल्याशिवाय पाकीट बंद होणार नाही.

गुरुवारचं मला गणूने सांगितलं नाही. मी खड्ड्यातच होतो, शेजारच्या ट्रकखाली. तू येताना तुझा जाड तळाचा डावा बूट मला दिसला. तू गाडीचं दार उघडून बसलीस. मग तू गणूला म्हणालीस, 'बरं केलं बाबांनी, काका. आता माझ्या हातून आणखी कोणाची आई जायची नाही.'

गणूला खरं ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते मला. तीन पायऱ्या चढून वर यायचं होतं. तू डबा टेबलावर ठेवलास, रस्त्यापर्यंत हळूहळू चालत गेलीस, तिथे रिक्षासाठी उभी राहिलीस. निदान पंधरा मिनिटं उभी होतीस. तेवढा सगळा वेळ मी खाली ट्रकचा एक घट्ट नट उगाच आणखी आवळत होतो.

तुझा अपराधी,
एकनाथ
(बाबा लिहिणार होतो. ते तू ठरव.)