दक्षिणेचा बाक

सिडनी, जुलै १८१९

आईस, समुद्रापलीकडून एझ्राचा नमस्कार.

बेड्या निघाल्या, घोट्यांच्या जखमा भरत आल्यात. तुझे गुडघे कसे आहेत?

मी बांधलेलं चर्च फार गाजतंय. फक्त इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, हे मला छप्पर चढल्यावर उमगलं. आपल्या ब्रिस्टलच्या सवयीने मी गव्हर्नरसाहेबांचा बाक दक्षिणेच्या खिडकीशी ठेवला आणि कैद्यांचे उत्तरेला. इथे जुलैत हिवाळा. साहेब नाक पुसत कुडकुडतात, कैदी उन्हात पेंगतात.

पाद्रीबाबा प्रवचनात म्हणाले, "दीनांना ऊब देणारा हा कैदी खरा धर्मात्मा." सगळ्यांदेखत साहेब काय बोलणार? त्यांनी माझी शिक्षाच माफ केली.

आता मी प्रतिष्ठित माणूस. दर रविवारी साहेब मला आग्रहाने शेजारी बसवतात, खिडकीच्या बाजूला.

लोकरीचे मोजे पाठव. जाड.

तुझा,
एझ्रा