आठ पूर्णांक सहा सेकंदांची बचत

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ९.१०
आधी दुरुस्ती. शनिवारच्या नोंदीत ‘नऊ सेकंद वाचतात’ असं लिहिलं. चूक. कोड तपासायचं टूल नव्याने सुरू व्हायला नऊ सेकंद घेतं, पण आधीपासून चालू असलं तरी शून्य पूर्णांक चार लागतातच. म्हणजे वाचतात आठ पूर्णांक सहा.
बाबांनी ते टूल कायम जागं ठेवायची सोय केली होती. मी काम करते त्या घरच्या कॉम्प्युटरवर मागे एक प्रोसेस सतत चालू, हुकूम दिला की लगेच कामाला लागते. बाबा फेब्रुवारीत गेले. मशीन मी अजून बंद केलेलं नाही. कारण फक्त वेग.

बुधवार, ५ नोव्हेंबर
प्रत्येक हुकमाला प्रोसेस आधी एक ओळ छापते: ‘आलीस का शंकेखोर? बोल.’ बाबांनी घातलेली. दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा बाबांच्या याच टेबलावर भरायची आणि मी आत आले की ते असंच म्हणायचे.
आज ही ओळ सदतीस वेळा आली. काम तेवढं नव्हतं.
आईने दारातून वाचलं. म्हणाली, “मला कधी ‘बोल’ नाही म्हणाले. ‘थांब जरा’ म्हणायचे.”

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
उत्तर यायला सहा सेकंद. प्रोसेस दिवसेंदिवस मेमरी खात सुटली आहे. तरी नऊपेक्षा कमीच. फायदा आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. दुपारी
ऑफिसमध्ये नामुष्की. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं आमचं सॉफ्टवेअर. त्यात मी वेळेचा नियम बदलला, टेस्ट पास झाल्या, मी पाठवून दिलं. आज चौदा पेशंट बंद दारासमोर उभे राहिले. एक आजोबा वॉकर घेऊन आले होते. नवा नियम चुकला होता, आणि माझ्या प्रोसेसने तो वाचलाच नव्हता. तिच्या डोक्यात जुनाच नियम होता, तोच तपासून तिने ‘ठीक’ म्हटलं.
सीनियरांनी विचारलं, “तुमच्याकडे पास होतं आणि सगळ्या जगात फेल. मशीनमध्ये कुणी राहतं का तुमच्या?”
मी म्हटलं, “नाही, सर.”
ते म्हणाले, “मग एकदा बंद करून चालू करा. पुन्हा असं झालं तर हे काम दुसऱ्याला द्यावं लागेल.”
ठरलं. शुक्रवारी १४ तारखेला, सकाळी दहा वाजता बंद.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. १०.०५
शुक्रवारी मोठे बदल करू नयेत, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. मी नियम पाळणारी आहे.
आज अकरा सेकंद. म्हणजे नव्याने सुरू करण्यापेक्षा दोन जास्त. पण सवयीचे.

सोमवार, १७ नोव्हेंबर
दुरुस्ती. टूल जागं ठेवणाऱ्या बाबांच्या प्रोग्रामची फाइल ‘हरवली’ असं मी या वहीत दोनदा लिहिलं आहे. हरवली नाही. मार्चमध्ये डिस्क साफ करताना ‘जुनं’ नावाचा फोल्डर मी उडवला. ती त्यात होती. कचरापेटीही लगेच रिकामी केली. मला पसारा आवडत नाही.
दुसरी प्रत नाही. तो प्रोग्राम आता फक्त मेमरीत आहे, मशीन चालू आहे तोवर.
दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “मेमरी उपसून ओळी काढता येतील, मी येतो.” मी नको म्हटलं. बाबांच्या शर्टाच्या खिशात हात घातल्यासारखं वाटलं. दादा म्हणाला, “खिशात हात घालूनच तर आपण मोठे झालो.”

बुधवार, १९ नोव्हेंबर
एक गोष्ट लिहायची टाळत होते. जानेवारीत बाबांनी आणखी एक ओळ घातली होती. प्रोसेस रीतसर बंद केली की छापते. कोणती ते सांगितलं नाही. म्हणाले, “बंद करशील तेव्हा कळेल.” त्यानंतर ती कुणी बंद केलेली नाही.
ती ओळ एकदाच दिसेल. मग ‘बोल’ही नाही.
वेगाचं कारण यापुढे लिहिणार नाही. आज चौदा सेकंद लागले आणि मी ते चौदाही सेकंद पडद्याकडे बघत बसले.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सायंकाळी ५.३०
जिन्यात नोटीस लागली आहे. रविवारी २३ तारखेला दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नाही. मशीनची बॅटरी वीस मिनिटं टिकते. वीज अशी गेली तर प्रोसेस जागच्या जागी मरेल, काहीही न छापता.
आईला सगळं सांगितलं, फोल्डरचंसुद्धा. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “मी त्यांचा चष्मा देऊन टाकला. तुला सांगितलं नव्हतं.”
थोड्या वेळाने म्हणाली, “बंद करशील तेव्हा मला हाक मार. फार काही नसेल हं. ‘जाताना पंखा बंद कर,’ असंच असेल.”
ठरलं. शनिवारी, २२ नोव्हेंबरला बंद. सकाळी दहा. खुर्च्या दोन.