मी दोनदाच बोलले

प्रिय ठकू,

वॉर्डातल्या नर्सबाई म्हणाल्या, ती भेटायला नको म्हणते, पण पत्र दिलंत तर घेईल कदाचित. म्हणून लिहायला बसले. पेन गळतंय, तेवढं सांभाळून घे. अक्षर मात्र तेच, उजवीकडे कललेलं. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर पट्टी घेऊन मागे उभ्या राहायच्या. ओळ वाकडी गेली की बोटांवर, पाठ वाकली की पाठीवर. हलायचं नाही, हे मी तिथे शिकले आणि तेच तुला शिकवलं. वेणी घालताना तू हललीस की मी हात आवरून नुसती थांबायची. मग तू म्हणायचीस, आई, मी पुतळा झालेय, आता तरी घाल.

तुझी खोली तशीच आहे. खिडकीच्या काचांवर तू चिकटवलेली वर्तमानपत्रं मी काढलेली नाहीत. दाराशी तुझ्या पिवळ्या चपला आहेत, डावी नेहमीसारखी उलटी पडलेली. ती मी सरळ करत नाही.

गेल्या वर्षी तू कॉलेज सोडलंस, माणसं टाळायला लागलीस, तेव्हा मी तुला आमच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तुझ्या मावशीचंही असंच सुरू झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी तुला त्यांच्या अभ्यासात घेतलं. मावशीला झाला तो मनाचा आजार पुढे ज्यांना होऊ शकतो, अशा तरुण मुलांच्या मेंदूची चित्रं घ्यायची आणि कुणाला जपायला हवं ते वेळेआधी ओळखायचं, असा तो अभ्यास. एमआरआयचं मशीन माझ्याच हातातलं. वीस वर्षं मी त्या काचेमागे बसतेय. आपल्या माणसाचं स्कॅन आपण करायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मी हट्टाने बसले. म्हटलं, पोर घाबरेल, कानात निदान आईचा आवाज असू दे.

पहिलं चित्र पुसट आलं. मान हलली होती. मी माइकवरून म्हटलं, "ठकू, हलू नकोस गं." दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. पडद्यावर तुझी हनुवटी दिसत होती, हळूच खाली, हळूच वर. मी पुन्हा दटावलं. मग मात्र अकरा मिनिटं तू दगडासारखी पडून राहिलीस. पहिली दोन चित्रं मी बाद केली, शेरा लिहिला: हालचाल. तिसरं इतकं सुबक आलं की डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. निकाल घरच्यांना सांगत नाहीत. मी चोरून पाहिला. धोका कमी. त्याच संध्याकाळी त्या पिवळ्या चपला घेतल्या, आठवतं? पुढे तू ताटातलं अर्धं टाकायला लागलीस, मी काही बोललेच नसताना "बरं, आई" म्हणायला लागलीस, तरी मी निर्धास्त. चित्र चांगलं होतं ना.

त्या दिवशी स्कॅननंतर कपडे बदलताना तू मला विचारलंस, "आत माझ्याशी तूच बोलत होतीस ना?" मी हसले. म्हटलं, "मीच. दुसरं कोण असणार?" काल डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की तेव्हापासून आठ महिने मी तुझ्या कानात बोलतेय. जेवू नकोस म्हणते. तू कुणालाच नको आहेस म्हणते. आणि तू, माझं शहाणं बाळ, आईचं ऐकत गेलीस. ठकू, त्या दिवशी मी दोनदाच बोलले. दोन्ही वेळा एकच, हलू नकोस. तू मान हलवून ज्याला हो म्हणत होतीस, ते बोलणं माझं नव्हतं. त्यानंतरचंही नव्हतं. पण माझ्या आवाजावर आता तू कशी विश्वास ठेवशील? म्हणून हे अक्षर. एवढं ओळख. मी रोज चार वाजता तुझ्या वॉर्डाच्या खिडकीखालच्या बाकावर येऊन बसते. एक शब्द बोलणार नाही. खिडकीशी आलीस तर नुसता हात वर करेन. आणि तू हवं तितकं हल, बाळा.

तुझीच,
बाकावरची आई