मसाई मारातला बुधवार

कनाटा, ओटावा
२६ सप्टेंबर

प्रिय उमा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. म्हणशील, पमीला म्हातारचळ लागला, हातात फोन असताना पोस्टाने पत्र पाठवते. घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. खरं तर फोनवरच बोलणार होते. या महिन्यात तीनदा मनाशी ठरवून फोन केला आणि तिन्ही वेळा तू रिहॅबच्या खाटेवरून म्हणालीस, "ते जाऊ दे, जिराफांचं सांग." मग मी आपली जिराफांचं सांगत बसले. पन्नास वर्षांत तुला कुठलीच गोष्ट सांगायला मला जड गेली नव्हती. ही जातेय. सोमवारी नील बर्नाबीहून तुझ्याकडे येतोय, त्याच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून एक्सप्रेसने टाकते आहे.

जिराफांचं वेड तुझंच. एडमंटनच्या गार्नो भागातलं ते घर आठव. वर तू आणि भाऊसाहेब, खाली बेसमेंटमध्ये सूर्यकांत आणि मी. चौऱ्याहत्तरचा जानेवारी, बाहेर उणे बत्तीस, दोघींचे नवरे युनिव्हर्सिटीत, आणि आपण दोघी तेविशीच्या, साडीवर नवऱ्यांचे कोट चढवून खिडकीशी उभ्या. रस्त्यावरच्या गाड्यांना वायरी जोडलेल्या बघून मी तुला विचारलं होतं, इथे गाड्या विजेवर चालतात का गं? इंजिन गोठू नये म्हणून वायर लावतात हे सांगताना तू इतकी हसलीस की चहा नाकातून आला. तुझ्या स्वयंपाकघरात टायरच्या दुकानातून मिळालेलं एक कॅलेंडर होतं. त्यात जानेवारीला जिराफ होता, पिवळ्या गवतात एकटाच उभा. तू फेब्रुवारी आलाच नाही असं ठरवून टाकलंस आणि वर्षभर तेच पान ठेवलंस. तारीख बघायला आम्ही सगळे बँकेच्या कॅलेंडरकडे जायचो. कपड्यांच्या घड्या घालताना तू म्हणायचीस, एकदा आपण दोघी जाऊ, यांना इथेच ठेवू, बर्फ शोव्हल करायला.

मग तुला नील झाला, मला नंदन झाला, तुझी शाळेतली नोकरी, माझं ग्रंथालय, आणि एकोणनव्वदला आम्ही ओटावाला आलो. जिराफ राहून गेला.

एक गंमत हल्ली फार आठवते. लांबचा फोन तेव्हा किती महाग होता, आणि आपल्या दोघींच्या नवऱ्यांना वीकेंड आला की बर्फातून गाडी काढून कॅलगरी नाहीतर बॅन्फ गाठायची खुमखुमी. मागे राहिलेलीचा जीव टांगणीला. तेव्हा तूच ती युक्ती काढलीस. पोहोचल्यावर ऑपरेटरला फोन करायचा आणि सांगायचं, मला फक्त मिस्टर सुखरूप यांच्याशीच बोलायचंय. ऑपरेटर बिचारी तोंड वेडंवाकडं करून विचारायची, "इज मिस्टर सुकरूप देअर?" घरातलीने म्हणायचं, नो, ही इज नॉट होम. झालं, हवा तो माणूस भेटला नाही म्हणून पैसे नाहीत आणि निरोप मिळाला. एकदा रेड डिअरच्या पुढे आमची गाडी घसरून खड्ड्यात गेली आणि फोन करायला पाच तास उशीर झाला. मी ऑपरेटरकडून मिस्टर सुखरूपांना विचारलं, तर तू सगळे नियम मोडून थेट रडायलाच लागलीस. ते रडणं मी कधी विसरले नाही. माझ्यासाठी इतकं डोळ्यांत प्राण आणून या देशात दुसरं कोणी बसलं नव्हतं.

म्हणून तीन वर्षांपूर्वी, भाऊसाहेब गेले आणि आपण दोघी एकेकट्या झालो, तेव्हा रोज सकाळी "उठले" एवढा एक शब्द पाठवायचं ठरलं, ते मला जुन्या गोष्टीचंच नवं रूप वाटलं. तुझे आठ वाजेपर्यंत तुझा शब्द आला नाही तर मी फोन करायचा, तू उचलला नाहीस तर खालच्या मजल्यावरच्या डोनाला, कारण तुझी किल्ली तिच्याकडे. माझा शब्द आला नाही तर तसंच तू, नंदनला. तीन वर्षांत एकदाही खंड पडला नाही. नीलने तुला गळ्यात अडकवायचं ते बटण आणून दिलं, पडलीस तर दाबायचं, तर तू ते ड्रॉवरमध्ये टाकलंस आणि त्याला सांगितलंस, "मला कशाला हवंय, माझी पमी आहे ना." हे तू मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतंस. मलाही तेव्हा केवढा अभिमान वाटला.

नंदन आणि गौरांगीने केनियाचं ठरवलं तेव्हा मी पहिला फोन तुला केला. तुझं गुडघ्याचं दुखणं आणि ब्लड प्रेशर, डॉक्टरांनी नाही म्हटलं. मी म्हटलं, मग मीही नाही जात. तू मला अस्सं झापलंस! आणि मग हळूच विचारलंस, तिकडून आपलं "उठले" कसं जमणार. ईराने, तेरा वर्षांच्या माझ्या नातीने, ते दोन मिनिटांत सोडवलं. फोनमध्ये कसलंसं कार्ड न घालता नुसता एक चौकोन स्कॅन केला आणि म्हणाली, "आजी, यू आर ऑल सेट, नैरोबीला उतरलीस की डेटा चालू." मला वाटलं, नैरोबीत असेल, जंगलात कुठलं. पण उमा, मारामध्ये आमच्या जोसेफने, म्हणजे ड्रायव्हरने, पहिल्याच संध्याकाळी जीप थांबवली तर समोर गाई हाकणारा एक लाल शालीतला माणूस फोनवर कोणाशी तरी जोरजोरात भांडत होता. ईरा ओरडली, "आजी, यू हॅव फुल बार्स! आपल्या कॉटेजला तर एकपण नसतो." जोसेफ म्हणाला, टॉवर टेकडीवर आहे, थोडे खोलगट भाग सोडले तर सगळीकडे लागतो.

पहिले तीन दिवस मी तुझ्यासाठीच बघत होते. हत्ती आला की आधी फोन, मग डोळे. तुला फोटो पाठवायचा, तू लगेच विचारायचीस, सोंड वर केलेला नाही का, पिल्लू कुठंय, टोपी घातलीस का, पाणी बाटलीतलंच पितेस ना, गोळी घेतलीस का, जीपच्या बाहेर हात काढू नकोस. मंगळवारी तुझे एकवीस मेसेज होते, मी मोजले. हे लिहायला लाज वाटते, पण मोजले. मी उत्तर टाइप करत असताना जीपमधले बाकीचे श्वास रोखून बसले होते. मी मान वर केली तेव्हा बिबट्या झाडावरून उतरून गवतात गेला होता. ईरा म्हणाली, "आजी, यू मिस्ड इट." त्या मुलीने साधं म्हटलं, पण मला तुझा राग आला. आजवर नुसता रुसवा यायचा. हा राग होता.

बुधवारी पहाटे मी तुला माझं "उठले" पाठवलं आणि फोन विमानात ठेवतात तसा बंद मोडवर टाकून बॅगेच्या तळाशी ठेवला. नेटवर्क होतं, उमा. तंबूच्या दारातसुद्धा पूर्ण होतं. मी ते बंद केलं.

आणि आता सगळं सांगते, नाहीतर अर्धं सांगून मी स्वतःला सोडवून घेईन. तो दिवस फार सुंदर गेला. सूर्यकांत गेल्यापासून इतका सुंदर दिवस मला मिळाला नव्हता. मी जिवंत आहे हे कोणाला कळवायचं नव्हतं, कोणी आहे की नाही हे बघायचं नव्हतं. आपला जिराफ मला त्या दिवशी दिसला, अगदी कॅलेंडरातल्यासारखा एकटा, आणि मी फोटो काढला नाही. तुला जो इतक्यांदा रंगवून सांगितला तो हाच. दुपारी चारला आम्ही नदीकाठी थांबलो होतो. पलीकडच्या काठावर विल्डबीस्ट नावाच्या रानगाईंसारख्या जनावरांचा कळप पाण्यात उतरू की नको करत घुटमळत होता आणि त्यांची ती गडबड बघून ईरा आणि मी पोट धरून हसत होतो. तेव्हा मी घड्याळ बघितलं. चार म्हणजे तुझे सकाळचे सात. तुझा शब्द बघायचाय हे मला आठवलं. विसरले असते तर निदान विसरले म्हणता आलं असतं. माझा हात बॅगेत गेला, फोनला लागला, आणि मी तो रिकामाच बाहेर काढला. आज एक दिवस नाही, असं मी मनात म्हटलं, शब्दांत म्हटलं. पाचलाही, म्हणजे तुझे आठ वाजले तेव्हाही, आठवलं. तेव्हा तर हातसुद्धा घातला नाही.

तू साडेसहाला बाथरूममध्ये पडली होतीस. मी हसत होते तेव्हा तू फरशीवर होतीस, नळ चालू, खुबा मोडलेला. डोना सकाळी नऊपर्यंत घरीच होती, तुझ्या पायाखालच्या मजल्यावर, किल्ली खुंटीला. संध्याकाळी ती कामावरून आली, छतातून पाणी ठिबकताना दिसलं आणि ती वर धावली, तेव्हा तुला साडेअकरा तास झाले होते. माझ्या एका फोनने ते दीड-दोन तास झाले असते.

गुरुवारी सकाळी मी फोन चालू केला आणि नीलचा मेसेज वाचला. मी त्याला फोन लावला, तर तोच आधी म्हणाला, "पमामावशी, डोंट फील बॅड, तू जंगलात होतीस, नेटवर्क नसणारच." मी म्हटलं, हो रे, नव्हतं. इतकंच. मला धड खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही, त्याने ते तयार करून माझ्या हातात दिलं. चार दिवसांनी ऑपरेशननंतर तू फोनवर पहिलं वाक्य काय बोललीस? "पमे, तू काळजी करत असशील तिकडे बिननेटवर्कची." स्वतः कण्हत होतीस आणि मला समजावत होतीस. नंदनला, गौरांगीला ठाऊक आहे की नेटवर्क होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मीही त्यांच्याकडे बघत नाही.

हे पोटात ठेवून मरता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर मी तसंच करणार होते. पण परवा नीलचा फोन आला. त्याने तुझ्यासाठी त्याच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे खोली बघितली आहे, चोवीस तास नर्स असलेली, सोमवारी तो कागद घेऊन येतोय, आणि तू त्याला ठाम नाही म्हणते आहेस. म्हणालीस म्हणे, "माझ्यावर पमीचं लक्ष असतं. तीन वर्षांत एक दिवस चुकला, तोही तिचा नाही, जंगलाचा." तो मला विनवत होता की, मावशी, तू तिला समजाव, ती फक्त तुझं ऐकते. उमा, तो दिवस जंगलाचा नव्हता, माझा होता. आणि मी पंचाहत्तरीची बाई आहे, मला पुन्हा तसा दिवस हवासा वाटणार नाही असं मी देवासमोरसुद्धा सांगू शकत नाही. तू एडमंटनचं घर माझ्या भरवशावर धरून बसली आहेस, ते धरू नकोस. गार्नोपासूनचं सगळं आयुष्य त्या गावात सोडून जाणं काय असतं ते मला माहीत आहे, आणि तुझं घर मोडायला मी सांगते आहे हेही. हे पत्र नीलला दाखवायचं असेल तर दाखव. माझ्यावर रागव, बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस. पण सोमवारी सही कर.

तुझीच,
पमी