आगेऱ्याची जुडी

२६ ऑगस्ट १९८४, रविवार

सकाळची मिसा-प्रार्थना झाल्यावर चर्चमध्ये सभा. फादर अर्बननी फळ्यावर लिहिलं — आपण कोण? जगाला काय देणार? जेवणवेळ टळली तरी बडबड संपेना! कोणी म्हणे आपण बोरिवलीचे जुने गाववाले, शेतीवाले. बिल्डिंगवाले म्हणे, शेती राहिली कुठे?

मग आफ्रिकेचं निघालं. तिथल्या मिशनच्या दवाखान्याला माणूस पाहिजे, पाच वर्षांसाठी. आपल्या चर्चने एक तरी द्यावा. टाळ्या! माझं डोकं फिरलं. उभी राहिले न् म्हटलं, "टाळ्या कसल्या वाजवता? दुसऱ्यांचं पोर पाठवाल. आपलं द्यायची हिंमत हाय कोणात?"

आणि मागून आमची क्लॅरिस —

"फादर, मी जाते."

नुकती नर्स झालीय. एकुलती एक पोर माझी.

२७ ऑगस्ट

नवरा, कॉस्मस, म्हणतो, "तूच तोंड उघडलंस." वर्षात एकदा बोलतो, ते हे असलं! जेवले नाही.

२ सप्टेंबर

फादर घरी आले. "बेटीबाई, आईबापाच्या आशीर्वादाशिवाय आम्ही कोणाला पाठवत नाही." बरंच झालं! म्हटलं, "मग नाही देत आशीर्वाद. देव काय आफ्रिकेतच राहतो? इथं माणसं आजारी पडत नाहीत?" चहा अर्धा टाकून गेले.

क्लॅरिस कप विसळत राहिली. विसळलेलाच परत विसळला.

१३ सप्टेंबर

जिंकले मी. पोरगी ड्युटीला जाते, येते. विचारलं तर "हो आय", "नको आय". रोझरीच्या प्रार्थनेला बाजूला बसते, ओठ हलतात, आवाज नाही. भांडली असती तर बरं.

२३ सप्टेंबर

शेताची वाट लागली. बाजूच्या नव्या बिल्डिंगचं गटार फुटून आत शिरलं. भात काळं. बांधाकडचा कोपरा तेवढा धड.

गावात सगळ्यांनी शेतं विकली, आमचाच तुकडा राहिलाय. आगेऱ्याला, सुगीच्या सणाला, नव्या भाताची पहिली जुडी वेदीवर जाते ती आमचीच. सासूच्या वेळेपासून. यंदा नाही! कोपऱ्यातलं बियाण्याला ठेवायचं. फादरना निरोप धाडला — वसईहून आणा, माझं मिळणार नाही.

६ ऑक्टोबर

वसईचं भात आलं. चर्चच्या ओट्यावर टोपलीत ठेवलंय, पिवळंधमक. आमच्यापेक्षा चांगलं.

क्लॅरिस टोपलीला फुलं बांधत होती. इतक्या दिवसांनी आपणहून बोलली — "आय, यंदा दुसऱ्यांचंच द्यायचं ना?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर थोबाडीत दिली असती.

कॉस्मसला विचारलं, पोरीच्या जाण्याबद्दल तुझं काय म्हणणं? म्हणाला, "मी कधीच हो म्हटलं असतं. तुझ्यासाठी थांबलो."

७ ऑक्टोबर, आगेरा

उजाडताच विळा घेऊन शेताच्या कोपऱ्यात उतरले. होतं तेवढं कापलं. जुडी लहानच झाली. क्लॅरिसच्या हातात दिली. फादर चर्चच्या दारातच होते. म्हटलं, आशीर्वाद दिला. पाठवा हिला.

पुढच्या साली पेरायला काय नाही.